माईक सोडलेले दाजी

आमच्या दाजींनी माईकवरून नाव घेतल्याशिवाय माणूस लग्नाला आला, असं तिसगावच्या पंचक्रोशीत एके काळी कुणी धरतच नसे. नवरदेव देवळापासून निघालेला असो, वाजंत्री दमलेली असोत, मुहूर्त टळून तास झालेला असो. पाहुणे मांडवाच्या तोंडाशी घुटमळत राहायचे, पण आपलं नाव कर्ण्यातून येईपर्यंत पाऊल आत टाकायचे नाहीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सात एकर कोरडवाहू जमीन, त्यात बाजरी, तूर आणि विहिरीने साथ दिली तर कांदा. पण शेती ते पोटासाठी करायचे आणि सूत्रसंचालन जिवासाठी. वैशाखात मी आक्काकडे गेलो, की दुपारी ओसरीवर पडल्या पडल्या, झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्याशा वाटेवर त्यांचा आवाज भेटायचा. कधी जवळून, कधी वाऱ्याबरोबर डोंगराकडे जाऊन परत आलेला. कोण कुठल्या गावाहून आलंय, कुणाचा जावई आहे, कुणाची पुण्याई आहे, हे सगळं उन्हातून तरंगत माझ्यापर्यंत येई आणि मी ती नावं ऐकत सुखाने झोपी जाई.

तुळशीचं लग्न लागलं की दाजी दही, चिंच आणि आक्काशी भांडण ही तीन पथ्यं पाळायला लागत, कारण तिन्हींनी घसा बसतो. ज्येष्ठमधाची काडी गालात कायम. तालीम त्याआधीच, बाजरीच्या रानात चाले, त्यामुळे त्यांच्या पिकावर कधी पाखरू बसलं नाही. शेजारचा शेतकरी तर कणसं भरली की, 'दाजी, आज आमच्या अंगाला त्वांड करून बोला,' अशी विनंती करून जाई. घरातही ते साधं बोलत नसत. 'तरी मी यजमानीणबाईंना नम्र विनंती करतो, की त्यांनी चहाचं आधण ठेवावं,' असं ते म्हणत, आणि आक्का आतून, 'ठिवलंय. दूध आना आधी,' असं आभारप्रदर्शन करी.

त्यांच्या यादीत साधा माणूस नव्हताच. दोन शेळ्या पाळणारा 'दुग्धव्यवसायातलं अग्रगण्य व्यक्तिमत्त्व' व्हायचा, तीनदा निवडणूक हरलेला 'भावी सरपंच'. मी नगरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतो, द्रावणं मापून देतो. दाजींनी मला एका लग्नात 'नगरचे थोर शास्त्रज्ञ' म्हणून मांडवात आणलं. जेवताना दोन म्हाताऱ्यांनी मला यंदा पाऊस कधी, असं विचारलं. मी घाबरून आठ दिवसांत येईल म्हणालो आणि माझ्या नशिबाने तो आला. तेव्हापासून त्या गावात जायचं मी टाळतो. असं खोटं का सांगता, म्हणून मी दाजींना छेडलं तेव्हा ते म्हणाले, 'पाव्हनं, वरसभर मानूस नुसता मानूसच असतू. येक मिनिट तरी त्याला मोठा हुऊ द्या की.'

अशा माणसाचा आवाज एका दुपारी गेला, आणि तोही घसा बसून नव्हे.

आमच्या भागात जो माईकवर लग्नं गाजवतो, तोच दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणंही पार पाडतो. आवाज तोच, चाल तेवढी बदलायची. लगीनसराईत एके दिवशी दाजींनी सकाळी एका गावात दहावा उरकला आणि जीपने थेट दुसऱ्या गावच्या लग्नाला आले. जीभ सकाळपासून एकाच चालीवर लागलेली. नवरदेवाचे आजोबा, वय नव्वदीच्या घरातलं, गुलाबी फेटा बांधून पहिल्या खुर्चीवर बसले होते. दाजींनी त्यांच्याकडे हात केला, आवाज खाली आणला आणि म्हणाले, 'ज्यांच्या पुण्याईने हा सोहळा पार पडत आहे, ते कैलासवासी...' पुढे आजोबांचं अख्खं नाव, आणि त्याच ओघात, 'तरी सर्वांनी जागेवर दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहावी.' मांडव दाजींच्या आज्ञेत वाढलेला. हजारभर माणूस उभा राहिला. वाजंत्री थांबली. नवरदेवाने मुंडावळ्या सावरत मान खाली घातली. बायकांच्या बाजूने कुणीतरी सवयीने हुंदकाही काढला. आणि सगळ्यांत पुढे, कानाने अधू असलेले आजोबाही काठीवर भार देऊन उठले आणि स्वतःसाठी डोळे मिटून उभे राहिले. मीही उभा होतो, खोटं कशाला सांगू. नवरदेवाच्या बापाने धावत जाऊन माईकची वायर उपटली, तेव्हा कुठे दाजींना आपण काय बोललो ते उमगलं. माईक हातात धरून ते तसेच बघत राहिले.

कुणाच्या तरी मोबाईलमधून ती दोन मिनिटं तालुकाभर फिरली. लोक हसले आणि विसरले. हसायला नवे विषय मिळत राहतात. दाजी मात्र विसरले नाहीत. जिवंत माणसाला आपण मेलेला म्हणालो, मग आपल्या कुठल्याच शब्दाचा काय भरवसा, असं त्यांनी मनाशी धरलं. आलेली आमंत्रणं त्यांनी परत पाठवली, आणि मग ती यायचीही थांबली. माईक सुटला तिथे बाकीचंही हळूहळू सुटत गेलं. कुलूप लावून ते चार वेळा ओढून बघत आणि पाचव्यांदा आक्काला पाठवत. चहात साखर टाकण्याआधी ती साखरच आहे ना, म्हणून चिमूटभर चाखत. पाऊस झाला, वाफसा आला, शेजाऱ्यांच्या पेरणीच्या पाभरी चालल्या आणि दाजी बांधावर उभे राहिले: तूर पेरावी की बाजरी? विचार करता करता ओल उडून गेली आणि एक तुकडा त्या साली पडीक राहिला. कुणी काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर एकच, 'हिला इचारा.' ज्येष्ठमधाच्या काड्या फळीवरच वाळून गेल्या.

'त्यांचं चुकलं त्याचं मला काय न्हाई,' आक्का मला म्हणाली, 'पन आता ते घरात पाव्हन्यावानी ऱ्हात्यात. जेवान मागत न्हाईत, कशाला नावं ठिवत न्हाईत. हे बरं न्हाई.' मला फार वाईट वाटलं.

दीड वर्ष असं गेल्यावर एका सकाळी ते आजोबाच टेम्पोत पुढे बसून दाजींच्या दारात आले. मी तेव्हा तिथेच होतो. दाजींनी त्यांना लांबूनच ओळखलं आणि ते कांदा साठवायच्या चाळीत जाऊन लपले. आजोबा खाटेवर टेकले, पाणी प्याले आणि आक्काला म्हणाले, 'त्याला भायेर बोलव, पोरी. मला त्याच्यासंगं काम हाय.' जिवंत माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे म्हणतात. आजोबांना त्याचा चांगलाच गुण आला होता. 'त्या दिसापास्नं माजा खोकला गेला,' ते सांगू लागले, 'गुडघंबी वळाया लागलं. पन औंदा दिवाळीपास्नं पुन्हा कुरकुर हाय. त्याला म्हनावं, आनखी येकदा पुकार.'

आक्का तोंडाला पदर लावून हसायला लागली, मीही हसलो, आणि आमचं हसणं ऐकून दाजी चाळीतून बाहेर आले. डोक्यावर, खांद्यावर कांद्याची टरफलं. त्यांनी सरळ आजोबांचे पाय धरले. 'आबा, तेवडं सांगू नगा.' आबा म्हणाले, 'बरं ऱ्हायलं. मंग रोज येऊन पेपर वाच. माजं डोळं गेलंत, अन घरात कुनाला टाईम न्हाई.'

दाजी जायला लागले. आबांच्या दारात मोठा कडुलिंब आहे, त्याखाली दोघं बसत. आबांना ऐकू कमी, म्हणून मोठ्याने वाचावं लागे, आणि दाजींचा आवाज तर भीतीने वर चढत नसे. ते ओळ वाचत, थांबत, पुन्हा डोळ्यांनी तपासत आणि विचारत, 'आबा, बरूबर वाचलं ना म्या?' आठवडाभर हे सहन केल्यावर आबा म्हणाले, 'आरं, चुकलं तर माघारी जा अन पुन्यांदा वाच. म्या कुठं चाललोय?' नव्वदीतल्या माणसाने असं विचारावं याची दाजींना गंमत वाटली आणि किती दिवसांनी ते हसले, हे आक्काने मला फोनवर दोनदा सांगितलं. पुढे पुढे कांद्याचे भाव, धरणातलं पाणी, परदेशातली भांडणं असं सगळं वाचून होईपर्यंत ऊन कलायचं. आबांना डुलकी लागायची, लिंबाच्या काड्या पेपरावर पडत राहायच्या, पण दाजी थांबले की आबा जागे होत, म्हणून दाजी वाचतच राहत. त्या वर्षी वाफसा येताच त्यांनी पाभर धरली आणि तूर पेरली. आक्का बाजरी म्हणाली असती, पण तिने जीभ चावली.

यंदा आबांच्या नातीचं लग्न निघालं. माईकवर दाजी नकोत, असं घरातल्या सगळ्यांचं मत. आबा म्हणाले, 'तो नसंल तर म्या मांडवात येनार न्हाई. मंग म्हना मला खुशाल कैलासवासी.' तेव्हा कुठे दाजींच्या हातात माईक आला. पहिली पाच-सहा नावं नीट गेली. मग दोन सोसायट्यांच्या चेअरमनांची उलटापालट झाली. माझ्या शेजारी आक्काने पदराचं टोक मुठीत आवळलं. दाजींच्या कपाळावरचा घाम मला बसल्या जागेवरून दिसत होता. आता हे माईक ठेवणार आणि या वेळी कायमचे घरात बसणार, असं मला वाटलं. 'माफी असावी,' ते म्हणाले, 'चुकलो. पुन्हा नाव घेतो.' आणि त्यांनी घेतलं. लोक हसले, दोन्ही चेअरमनही हसले, आणि स्वागत पुढे चालू झालं.

पण हे दाजी वेगळे होते. विशेषणं गळून गेली होती. प्रत्येक नावाआधी ते थांबत, मांडवात तो माणूस कुठे बसलाय ते शोधत, त्याच्याकडे नीट बघत आणि मगच नाव घेत. त्या थांबण्याने मुहूर्त आणखी अर्धा तास टळला. मला तर आजही जुने दाजी फार आठवतात, पाखरं उडवणारे, सगळ्यांना मोठं करून टाकणारे. अक्षता पडल्यावर ते पाणी प्यायला खाली आले तेव्हा मी विचारलं, 'दाजी, अजून भीती वाटते का?'

'येती की,' ते म्हणाले, 'दर नावाला येती. तीबी पाव्हनीच हाय, पाव्हनं. तिलाबी बसाया जागा देतो अन फुडचं नाव घेतो.' एवढं बोलून ते पुन्हा वर गेले, कारण आहेर आणणाऱ्यांची नावं घ्यायची राहिली होती.

मला नगरची एसटी गाठायची होती. पोटभर जेवण, दुपारचं ऊन, खिडकीशी जागा. डोळे जड झाले होते. मांडव मागे पडला तरी कर्ण्याचा आवाज रानातून बसच्या बरोबर येत होता. एक नाव, मग ती शांतता, मग दुसरं नाव. प्रत्येक शांततेत माझा श्वास अडकायचा आणि नाव आलं की सुटायचा. बस वळणाला लागली तेव्हा ते असेच थांबले होते. वळण संपलं, वारा फिरला, आणि त्यानंतरचं नाव काही मला ऐकू आलं नाही. पण ते त्यांनी घेतलं असणार, असं म्हणून मी डोळे मिटले.