मी न केलेली पुएब्लाची ट्रिप

आधीच सांगून टाकते – या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आले. पांढऱ्या साडीतली बाई, मागून आलेली हाक... वाचायचं आणि हसायचं. मी केमिस्ट्रीची एम.एस्सी., कोल्हापूरला सहा वर्षं कॉलेजात शिकवलंय. कारण सापडत नाही म्हणजे आपण ते नीट शोधलेलं नाही, असं मुलांना ठासून सांगायचे. आता माझ्यावरच पाळी आली आहे. माझ्या अनुभवात भूत नाही. असतं तर बरं झालं असतं, निदान सगळा दोष त्याच्या माथी मारता आला असता.

गोष्ट २००६ची. आम्ही तेव्हा मिशिगनमध्ये नोव्हायला राहत होतो. तळमजल्यावरचं अपार्टमेंट, समोरच्या दारात सुलभाकाकू. माझा नवरा केदार गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आणि मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला लोंबकळून आलेली बायको. राहा, खा, ड्राइव्ह करा, नोकरी मात्र करायची नाही. चार वर्षं मी घर चकचकीत ठेवलं आणि लायब्ररी वाचून काढली.

त्या लायब्ररीतच मला पुएब्ला सापडलं. मेक्सिकोतलं जुनं शहर, रंगीत टाइल्सनी मढवलेली घरं, आणि मोले नावाचं कालवण. वाळलेल्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, लवंग, दालचिनी – सगळं वेगवेगळं भाजून पाट्यावर वाटायचं आणि शेवटी थोडं चॉकलेट घालायचं. चॉकलेट सोडलं तर हा आमच्या कोल्हापूरचाच मसाला की हो! मी अक्षरशः खुर्चीतून उठले.

मग सुरू झालं माझं प्लॅनिंग. मार्चमधले चार दिवस, तीन रात्री. डेट्रॉइटहून मेक्सिको सिटी, एअरपोर्टवरूनच पुएब्लाची बस, दोन तास. पहिल्या दिवशी मोठं चर्च आणि जुनं ग्रंथालय. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकाचा क्लास. तिसऱ्या दिवशी मातीची भांडी आणि रताळ्याची मिठाई मिळते ती गल्ली. चौथ्या दिवशी नुसतं चौकात बसायचं. सगळं एका वहीत, तीन रंगांच्या पेनांनी. लायब्ररीतून सीडी आणून स्पॅनिशसुद्धा शिकत होते, भांडी घासताना मोठ्यांदा म्हणायचे. एल्विरा नावाच्या बाईंचं आठ खोल्यांचं गेस्ट हाउस होतं आणि त्याच स्वतःच्या स्वयंपाकघरात क्लास घ्यायच्या. त्यांच्याशी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये ईमेल चालू होते. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला केदारची बायको म्हणून नाही, तर अनघा म्हणून पत्र लिहीत होतं.

मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, माशी शिंकली. आमच्या पासपोर्टांवरचे अमेरिकेचे व्हिसा स्टॅम्प संपलेले होते. तीस दिवसांच्या आत मेक्सिकोहून परतलं तर जुन्या स्टॅम्पवर आत घेतात, असा नियम आहे. मी तो सरकारी वेबसाइटवरून छापून फाइलला लावला होता. पण छापील नियमाला आपल्या लोकांत काय किंमत? साबुदाणा वड्याची प्लेट हातात घेऊन एक काका केदारला म्हणाले, "अरे, वेडा आहेस का? माझ्या मेव्हण्याचा रूममेट कॅनकुनला गेला आणि तिकडेच अडकला. सहा महिने! नोकरी गेली बिचाऱ्याची."

झालं. गाडीत बसताच केदार म्हणाला, "अनू, ट्रिप कॅन्सल. ग्रीन कार्ड आलं की जाऊ ना यार."

"काकांचा मेव्हणा तरी कोण हे माहीत आहे का तुला? नियम मी तुला वाचून दाखवला होता."

"रिस्क नाही घ्यायची. विषय संपला."

दोघांचे पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये आणि लॉकर त्याच्या एकट्याच्या नावावर, त्यामुळे विषय खरोखरच संपला. मी एल्विराबाईंना माफीचा ईमेल पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. आणि ज्या आठवड्यात आम्ही जाणार होतो, त्या आठवड्यात साहेब प्लांटच्या कामाला टेनेसीला निघून गेले. म्हणाले, नाहीतरी सुट्टी फुकट जाणार होती.

ते चार दिवस मी घरीच होते. हे नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावरच आहे. बाहेर बर्फ होतं, गाडी काढली नाही. फ्रिज धुतला, पडदे धुतले. केदारचे फोन आले ते दोन दिवस मुद्दाम उचलले नाहीत, इतकी चिडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, क्लासच्या वेळेला, मेक्सिकन दुकानातून आणून ठेवलेल्या मिरच्या भाजायला घेतल्या. धुराने अलार्म बोंबलायला लागला तेव्हा स्टुलावर चढून तो बंद केला आणि मिरच्या कचऱ्यात टाकल्या. त्या दिवशी मी खूप रडले. एवढंच घडलं.

सप्टेंबरमध्ये केदारच्या कंपनीने त्याला एका आठवड्यासाठी पाठवलं... कुठे? पुएब्लाला! तिथे गाड्यांचे मोठे कारखाने आहेत. तोच संपलेला स्टॅम्प, तोच तीस दिवसांचा नियम, तीच बॉर्डर.

"कंपनीच्या लॉयरने सांगितलंय, एकदम सेफ आहे," तो बॅग भरता भरता म्हणाला. माझ्याकडे बघायची हिंमत नव्हती त्याला. मी इस्त्री केलेले शर्ट हातात दिले आणि काही बोलले नाही. बोलले असते तर इस्त्री फेकून मारली असती.

तो रविवारी दुपारी परत आला. मला वाटलं, चॉकलेट वगैरे आणलं असेल, समजूत काढायला. त्याने बॅग दारातच ठेवली.

"मार्चमध्ये तू कुठे होतीस?"

मला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं. मला सरप्राइज म्हणून तो शेवटचे दोन दिवस माझ्या वहीतल्या पत्त्यावर, एल्विराबाईंकडे राहिला होता. राउल नावाचा तिथला इंजिनिअर सोबत होता, तो भाषांतर करायचा. केदारने पाकिटातला आमचा फोटो दाखवला तर बाई टाळी वाजवून म्हणाल्या, अरे, ही तर मार्चमध्ये येऊन गेली! चार दिवस होती. एकटी. टूरिस्ट बायका टेबलाशी उभ्या राहतात, ही सरळ जमिनीवर एक मांडी घालून, एक गुडघा उभा करून दगडी पाट्यापुढे बसली आणि तीळ असे वाटले, की आमची म्हातारी मोलकरीण बघत राहिली.

मी पाट्यावर तशीच बसते. आमच्याकडे सगळ्याच बसतात.

"आणि तू खूप हसायचीस म्हणे," केदार म्हणाला. "त्यांनी तीनदा सांगितलं. सारखी हसायची, म्हणे."

"केदार, माझा पासपोर्ट कुठे आहे?"

सोमवारी तो बँकेत जाऊन आला. पासपोर्ट होता, त्यावर मेक्सिकोचा व्हिसा नाही, शिक्का नाही, काही नाही. कुठल्याही शहाण्या माणसाचं समाधान झालं असतं. म्हटलं, दुसरी कुणीतरी इंडियन बाई असेल, त्यांना आपण सगळ्या सारख्याच दिसतो. पण ज्याने मेव्हण्याच्या रूममेटवर विश्वास ठेवला, त्याने स्वतःच्या बायकोवर ठेवला नाही. तो समोर जाऊन सुलभाकाकूंना विचारून आला, मार्चमध्ये अनघा घरी होती का? काकू बिचाऱ्या साध्या. म्हणाल्या, "गाडी होती रे पार्किंगमध्ये. ती काही दिसली नाही बाई. पण बर्फ होतं ना, कोण कशाला बाहेर पडतंय?"

त्यातलं "दिसली नाही" एवढंच त्याने घरी आणलं. दिवाळीपर्यंत सगळ्या मंडळाला माहीत झालं होतं. फराळाच्या टेबलाशी मी गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी पोहे करत होते. केदार ओट्याला टेकून उभा होता. एकदम म्हणाला, "मी चिडणार नाही. फक्त एकदा खरं सांग. कुणाबरोबर गेली होतीस?"

कुणाबरोबर! माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार वर्षं ज्याच्या व्हिसाच्या दावणीला बांधून घेतलं, तो मला हे विचारत होता. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "एकटी गेले होते. ऐकायचंय?"

आणि मी बोलायला लागले. रागाच्या भरात काहीतरी बनवून ठोकून द्यावं, एवढाच विचार होता, आईशप्पथ. मी म्हटलं, अंगणातल्या जिन्याची तिसरी पायरी फुटकी आहे, तिथे बसवलेली टाइल उलटी आहे, टाइलवरच्या पक्ष्याचे पाय वर. स्वयंपाकघरात खिडकीजवळ एक निळा कप पालथा ठेवलेला असतो. तो त्यांच्या गेलेल्या मुलाचा. तू तो उचललास तेव्हा त्यांनी तुझ्या हातातून काढून घेतला ना? मला त्यांनी त्यातूनच चॉकलेट प्यायला दिलं.

केदार खाली जमिनीवरच बसला. कपाचं त्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मुलाचं तर त्यालाच माहीत नव्हतं. बाईंनी कप काढून घेतला तेव्हा राउल खोलीत नव्हता, त्यामुळे कारण त्याला कळलंच नव्हतं. नंतर त्याने राउलला फोन करून विचारून घेतलं. मुलगा खरंच गेला होता, आणि कप त्याचाच.

हे शब्द कुठून आले? वहीत नव्हते, ईमेलमध्ये नव्हते. मी नंतर एकूण एक ईमेल पुन्हा वाचला. पायरीचा उल्लेख नाही, मुलाचा नाही, कपाचा नाही. पण ती उलटी टाइल मला आताही आमच्या कोल्हापूरच्या मोरीइतकी स्पष्ट दिसते.

त्यानंतर मी काय बोलणार होते? माझ्याच तोंडाने मी माझं खरं खोटं पाडलं होतं. केदारने पुन्हा काही विचारलं नाही. त्याची खात्री झाली होती. आधी हॉलमध्ये वेगळा बिछाना आला, मग २००७च्या शेवटी वेगळं अपार्टमेंट. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सगळ्यांबरोबर आमचेही ग्रीन कार्डचे अर्ज गेले होते. मला वर्क परमिट मिळालं आणि मी एका लॅबमध्ये नोकरीला लागले. घटस्फोट नाही केला. माझा अर्ज त्याच्या अर्जाला जोडलेला आहे, म्हणून ग्रीन कार्ड येईपर्यंत आम्ही कागदावर नवरा-बायको आहोत. त्याचा हा एवढा मोठेपणा तो सगळ्यांना सांगतो.

आई फोनवर म्हणाली, "बाळ, मला तरी खरं सांग. गेली होतीस का?" मी नाही म्हटलं. पण लगेच म्हणता आलं नाही, आणि ती मधली शांतता तिने ऐकली.

स्वप्न म्हणावं तर मी झोपले नव्हते. केदारने रचलं म्हणावं तर त्याला माहीत नसलेलं मी सांगितलं. दोन वर्षं डोकं फोडून घेतलंय, मला कारण सापडलेलं नाही.

आता माझा पासपोर्ट माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, बाहेर जाऊन परत यायचं परवानगीपत्रही आहे. मैत्रीण म्हणते, जाऊन विचार ना त्या बाईंना समोरासमोर, सोक्षमोक्ष होईल. दोनदा तिकिटं बघितली, घेतली नाहीत. त्यांनी मला ओळखलं तर काय, याची मला भीती नाही वाटत. पण त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आणि म्हणाल्या – नाही, ही ती नव्हे, ती तर किती हसायची... तर मी काय करू?