भिंतीपलीकडची बुडबुड

घरी बिअर करायची ठरवली तेव्हा आधी यादी केली. एकवीस वस्तू. त्यातल्या नऊ घरातच होत्या, बाकीच्या एका शनिवारी एकाच दुकानातून आणल्या.

२००६चा जानेवारी होता. अमेरिकेत, सिअॅटलजवळच्या बॉथेलला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली होती. मी सत्तेचाळीसची होते आणि एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये यीस्ट वाढवायचं काम करत होते. तिथे स्टीलच्या टाक्यांत जे चालतं तेच आपल्या ओट्यावर करता येतं, हे एका सहकाऱ्याने घरची बिअर आणली तेव्हा डोक्यात आलं. बिअर मी वर्षातून दोनदा, तीही अर्धा ग्लास घेणारी. मला आवडली ती कृती. सगळं निर्जंतुक करायचं, वेळ पाळायची, तापमान सांभाळायचं आणि मग हात न लावता थांबायचं. लोणचं घालताना आई बरणीच्या बाबतीत जितकी कडक असायची तितकंच कडक इथे राहावं लागतं.

आईपासून मात्र हे लपवायचं होतं. माहेरी बिअरची बाटली कुणी पाहिली नव्हती आणि मी कधीमधी घेते हे तिला माहीत नव्हतं. नवरा हसायचा. "सत्तेचाळीस वर्षांची बाई, आईला घाबरून बाटल्या लपवतेय. लॅबमध्ये सांग यार हे कुणाला तरी." मी त्याला वेळापत्रक दाखवलं. आई फेब्रुवारीच्या शेवटी येणार होती. त्याच्या आधी बिअर तयार होऊन, बाटल्यांत भरून एका मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये गेलेली असणार होती. वर अकरा दिवस शिल्लक ठेवले होते.

ज्या सकाळी मी यीस्ट घातलं त्याच सकाळी मिरजेहून फोन आला. तिथलंच एक ओळखीचं कुटुंब सिअॅटलला निघालं होतं, दोन दिवसांनी. वडील आदल्या वर्षी गेले होते आणि आई एकटी विमानात बसणारी नव्हती. सोबत मिळतेय म्हटल्यावर तिने तिकीट बदलून टाकलं होतं.

मी नवी यादी केली. पाच गॅलनचा काचेचा बुधला कुठे ठेवायचा? गॅरेज फार थंड. स्वयंपाकघर अशक्य. पॅसेजमधलं कोटांचं कपाट खोल होतं, अंधारं होतं, तिथे तो मागच्या भिंतीला टेकवला, पुढे तीन सूटकेसेस लावल्या. आई कपाट उघडेल ही भीती नव्हती. जावयाच्या घरात न विचारता ती चमच्यांचा खणसुद्धा उघडत नसे. त्या कपाटाची मागची भिंत म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत पलंगाच्या उशाची भिंत, हे मात्र माझ्या यादीत आलं नाही.

दुसरी चूकही तेव्हाच केली. थंडीत इडलीचं पीठ फुगावं म्हणून आपण भांड्याला पांघरूण घालतो, तशी मी बुधल्याला जुनी गोधडी गुंडाळली. बिअरच्या यीस्टला थंडावा लागतो. लॅबमध्ये मी एकेका अंशासाठी भांडत असे, पण घरी हात आपोआप गोधडीकडे गेला. त्या उबेने आतलं यीस्ट पिसाळलं. बुधल्याच्या तोंडाशी पाणी भरलेली प्लॅस्टिकची छोटी नळी असते. आत तयार होणारा वायू त्या पाण्यातून बुडबुडत बाहेर पडतो. आई आली त्या दिवशी मिनिटाला साठ बुडबुडे सुटत होते. वहीत नोंद आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता तिने विचारलं, "माझ्या खोलीत कसला गं आवाज येतो? पाणी बुडबुडल्यासारखा?"

हीटरचा येतो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी तयारीत नव्हते. मी म्हणाले, "कसला आवाज? मला नाही येत."

तिने जावयाकडे पाहिलं. "तुम्हाला येतो का हो?"

नवरा ताटलीकडे बघत म्हणाला, "नाही आई."

पॅसेजमध्ये येणाऱ्या आंबूस वासाबद्दल तिने विचारलं तेव्हा मी सरळ इडलीचं पीठ म्हणून सांगितलं, आणि मग दोन दिवस इडल्या कराव्या लागल्या. त्यावर आम्ही नवराबायको खूप हसलो. आवाजाबद्दल तिने पुन्हा एकदा विचारलं. मी त्याच सुरात तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

विषय संपला असं मला वाटलं. पण मी कामावरून यायचे तेव्हा ती दिवा न लावता खोलीत बसलेली असायची. जानेवारीत इथे चार वाजताच अंधारून येतं. खुर्ची तिने पलंगाच्या उशाकडे ओढून घेतलेली असायची, तोंड भिंतीकडे. मी दिवा लावला की ती उठायची, चहा टाकू का विचारायची, अगदी नेहमीसारखी. एकदा भिंतीशी पाण्याचा भरलेला तांब्या ठेवलेला दिसला. विचारलं तर म्हणाली, राहू दे, लागेल.

बुधवारी मी धुतलेल्या कपड्यांची चवड घेऊन खोलीत गेले. तिचा तळहात भिंतीवर टेकलेला होता. माझी चाहूल तिला लागली नाही. ती हलक्या आवाजात, आजाऱ्याला सांगावं तसं भिंतीला सांगत होती, "घालते हं पाणी. संपत आलंय, दिसतंय मला." मग ती वळली आणि मला बघून तिने हात पदराखाली घेतला.

"कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही. स्तोत्र म्हणत होते."

मी कपडे ठेवून बाहेर आले. वहीच्या पुढच्या पानांवर बुडबुड्यांच्या नोंदी होत्या. त्या दिवशी मी मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. एकटी बोलते. दिवा लावत नाही. चहा गार होईपर्यंत विसरते. पाणी ठेवते. आवाज खरा होता आणि तो कुठून येतो हे मला माहीत होतं, तरी मी माझ्या आईची लक्षणं लिहीत होते. नवऱ्याने पान वाचलं. तो हसला नाही.

"सांगून टाक तिला."

"दोन-तीन दिवसांत थांबेलच."

आता बुडबुडे मंदावत चालले होते. साठावरून दहा, दहावरून तीन. मी सकाळी कोट काढायच्या निमित्ताने घड्याळ लावून मोजायचे. एका सकाळी जेमतेम मिनिटाला एक भरला. मी स्वयंपाकघरात आले तर आई टेबलाशी बसली होती. स्वतःशीच म्हणाली, "आज फारच लांबलाय."

"काय लांबलंय?"

"काही नाही."

भिंतीच्या दोन बाजूंना बसून आम्ही दोघी एकच गोष्ट मोजत होतो आणि त्यातली एक दुसरीला सांगत होती की तिथे काहीच नाही.

नवव्या दिवशी बुडबुड थांबली. त्या सकाळी आई अंघोळ करून, केस विंचरून बाहेर आली आणि मला समोर बसायला सांगितलं.

"मला डोक्याच्या डॉक्टरकडे ने," ती म्हणाली. "आणि त्याने काही सांगितलं तर लगेच परत पाठव. तिकडे शेजारीपाजारी आहेत, बघतील. इथे मी भ्रमिष्ट झाले तर तुझी नोकरी जाईल."

मी काही बोलायच्या आत तिने ते सांगितलं. शेवटचे पाच महिने वडील घरी ऑक्सिजनवर होते. हे मला माहीत होतं, फोनवर दर आठवड्याला ऐकत होते. त्या यंत्राला पाण्याची एक बाटली असते आणि ऑक्सिजन त्या पाण्यातून बुडबुडत नळीत जातो, हे मला माहीत नव्हतं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि यंत्र परत गेलेलं होतं. पाच महिने तो आवाज तिच्या कानाशी होता. बाटलीतलं पाणी कमी झालं की आवाज बदलायचा, ती झोपेतूनही उठून पाणी घालायची.

"गेले त्या दिवशी मी शेजारीच बसले होते," ती म्हणाली. "पेपर वाचत. बाटली बुडबुडत होती म्हणून मान वर करून पाहिलं नाही. पाऊण तास. यंत्र चालूच होतं गं, माणूस नव्हता."

मग तिने टेबलावर हात सरळ ठेवले. "इथे आल्यापासून तेच ऐकू येत होतं. तुम्हाला दोघांना येत नव्हतं, म्हणजे ते माझ्या डोक्यात. आज थांबलं. आता पुढे काय ऐकू येईल, त्याच्या आधी मला दाखव."

मी उठले, तिचा हात धरून पॅसेजमध्ये नेलं आणि कपाट उघडलं. सूटकेसेस ओढून काढल्या. कोटांच्या खाली, अंधारात, गोधडी गुंडाळलेलं ते धूड भिंतीला टेकून बसलं होतं, डोकं खाली घातलेल्या माणसाएवढं. आई दोन पावलं मागे सरली. मी गोधडी सोडली. आत गढूळ तपकिरी पाणी, वर वाळलेला फेस, कसलाही आवाज नाही.

मी सांगितलं, बिअर आहे. मी केली. आवाज हिचा होता. आम्हाला येत होता, दोघांनाही, मी खोटं बोलले.

तिने बुधल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर माया होती आणि तेच मला सहन झालं नाही.

"माझी समजूत घालायला आणून ठेवलंस होय?" ती म्हणाली. "बिअर. तू. कशाला एवढी खटपट करतेस?"

मी तिला दुकानाची पावती दाखवली, वहीतल्या नोंदी दाखवल्या. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. पानं उलटत ती मागच्या पानापर्यंत गेली. तेही वाचलं. वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तूही लिहून ठेवलंच आहेस की. मग डॉक्टरांना हेच दाखव."

डॉक्टरला फोन करायच्या ऐवजी मी त्याच दुपारी दुकानात गेले आणि सगळं सामान पुन्हा आणलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईला ओट्याशी उभं केलं. मॉल्टचा काकवीसारखा पाक तिने ढवळला, हॉप्स नावाच्या फुलांच्या कडवट हिरव्या गोळ्या तिने मोजून टाकल्या, ओला डाव आत घालायला निघाले तर मला ओरडली. यीस्टही तिच्याच हाताने घातलं. नवा बुधला हॉलमध्ये, खिडकीशी ठेवला. गोधडी नाही.

सोमवारी मी रजा घेतली. सकाळी दहाच्या सुमारास पहिला बुडबुडा सुटला. मग थोड्या वेळाने दुसरा. आई सोफ्यावरून उठून बुधल्यासमोर जमिनीवर बसली. बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने तळहात काचेवर ठेवला.

"कोमट आहे," ती म्हणाली.

"यीस्टमुळे. ते जिवंत असतं."

तिने हात काढला नाही. "हाच आवाज," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुला येतोय ना?"

"येतोय, आई."

"आणि तेव्हाही येत होता."

"हो."

"मी जावयांनाही विचारलं होतं."

ती उठली, कोथिंबीर निवडायला बसली. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. जेवताना पहिल्या बुधल्यातल्या बिअरचा एक चमचा जिभेवर ठेवून ती म्हणाली की काढा बरा. नवरा फार हसला, जरा जास्तच.

तिचं डोकं ठणठणीत होतं. पुढे तिच्या समाधानासाठी दाखवलं, त्या डॉक्टरनेही तेच सांगितलं. पण त्यानंतर ती घरातला प्रत्येक आवाज विचारून घ्यायला लागली. फोन वाजतोय ना? शिट्ट्या तीनच झाल्या ना? मागे कुत्रं भुंकतंय, ऐकलंस? मी हातातलं काम टाकून उत्तर द्यायचे. तिच्या नजरेत एक क्षणभर पारखल्यासारखं काहीतरी यायचं आणि जायचं. चाळीस वर्षं जिने कुकर कानाने चालवला ती गॅस बंद करायला माझ्या होकारासाठी थांबायची. जुलैत ती मिरजेला परत गेली.

दर शनिवारी मी फोन करायचे. तिथे ती एकटी होती, खात्री करून घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून ती फोनवर विचारायची. नळाला पाणी आल्याचा आवाज येतोय का बघ. मी कान देऊन ऐकायचे. ऐकू आलं नाही तर नाही म्हणायचे आणि लगेच पुढे, इथून ऐकू येत नाही, तू जाऊन बघ. एवढा नियम मी स्वतःला घालून घेतला होता.

ऑक्टोबरमधली गोष्ट. ती दिवाळीच्या भाजणीचं सांगत होती आणि मध्येच दाराची बेल वाजली. मिरजेच्या घराची जुनी, घरघरणारी बेल. आई बोलायची थांबली.

"वाजली का गं?"

"वाजली. जा, बघून ये."

तिने रिसीव्हर बाजूला ठेवला. चपला फरशीवर घासत गेल्या. कडी निघाली, दार करकरलं. मग बराच वेळ काहीच नाही, कुणाचं बोलणं नाही, रस्त्याचा आवाज नाही. मी स्वयंपाकघरात उभी होते, कानाशी फोन इतका दाबून की कान दुखायला लागला. शेवटी कडी लागली आणि पावलं परत आली.

"कुणी नाही," ती म्हणाली. "जिन्यापर्यंत जाऊन आले. कुणीच नाही." श्वास घेतला. "पण वाजली ना?"

नवरा समोर बसला होता, माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. पोरं पळाली असतील, वायर सैल झाली असेल, असं पटकन म्हणता येण्यासारखं बरंच होतं.

"वाजली, आई. मी ऐकली."

पलीकडे तिने खुर्ची ओढून घेतली.

"मग झालं," ती म्हणाली, आणि यंदा धणे जरा कमी घालणार आहे, असं सांगायला लागली.