पिशवीतून उतरलेलं रक्त

प्रत्यारोपण म्हणजे मोठी शस्त्रक्रिया असेल, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात काचेपलीकडे माझ्या भावाच्या, नंदूच्या, उशाशी फिकट लाल रंगाची एक पिशवी टांगली होती आणि तिच्यातून माझ्या रक्तातल्या मूळपेशी थेंबथेंब त्याच्या शिरेत उतरत होत्या. त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. किमोने त्याच्या हाडांतला, रक्त तयार करणारा मगज रिकामा केला होता.

"शिरेतून सोडलेल्या पेशी हाडात पोचणार कशा?" मी डॉक्टरबाईंना विचारलं.

"त्यांची त्या वाट शोधतात," त्या म्हणाल्या.

ही वाट त्यांना कोण सांगतं, याचं नवल मला अजून वाटतं. पण कितीतरी धास्तीच्या आठवड्यांनंतर त्या तिथे रुजल्या. हळूहळू नंदूचा रक्तगटही बदलून माझा झाला.

परवा पेरू कापताना त्याच्या बोटाला सुरी लागली. आजारात साधं खरचटलं तरी त्याचं रक्त थांबत नसे, म्हणून मी कापूस घेऊन धावले. तो मात्र बोटावरचा थेंब निरखत बसला होता.

"ताई, हे रक्त तुझं की माझं?"

मी कापूस टेकवला, तोवर रक्त थांबलंही होतं.