गोलखांबापुढचा नारळ

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघात एक रीत होती. सामन्याआधी गोलकीपरनं गोलखांबाच्या बुडाशी नारळ फोडायचा. खांब त्याचा, म्हणून नारळही त्याचाच. मी गोलकीपर झालो आणि ती रीत माझ्यापाशी येऊन अडली.

आमच्या घरानं नागपूरला दीक्षा घेतली, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. देवदेवता पुजणार नाही, ही प्रतिज्ञा मी लाखोंच्या गर्दीत उभं राहून मोठ्यानं म्हटली होती. अक्षरओळख मला झाली ती वडील सभांमधून आणत त्या पत्रकांवर. त्यांतली वाक्यं नुसती वाचून ठेवायची असतात, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच सामन्याला, अमरावतीत, मी नाही म्हणालो. आमचा कप्तान मोर्शीकडचा, घरी संत्र्यांचा बगीचा. त्यानं नारळ स्वतः फोडला. आम्ही जिंकत गेलो तोवर कुणाची तक्रार नव्हती. पण उपांत्य सामन्यात हरता हरता वाचलो आणि पोरं माझ्याशी बोलेनाशी झाली. गोलकीपर तसाही एकटाच असतो. बाकीचे दहा जण पळत असतात, आपण त्यांच्या पाठी बघत उभे. आता मैदानाबाहेरही माझं तेच होऊ लागलं. खानावळीत मी बसलो की बाकाचं दुसरं टोक रिकामं राही.

अंतिम सामना अकोल्याला होता. सकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर कप्तान माझ्याजवळ येऊन बसला.

“पोरं म्हणून राहिले, यानं नारळ नाही फोडला तं दुसऱ्याले उभं करा.”

“मग कर.”

“दुसरा गोलकीपर तं उंच चेंडू आला की डोळे मिटते.” तो हसला. “अबे, नारळच तं आहे. घरी चटणीत खात नाही का तू?”

“चटणीतला खातो. खांबापुढं फोडत नाही.”

“तुले त्या पत्रकाईनं बिघडवलं.”

“मले त्याईनंच उभं केलं.”

“बरं, नुसता हात लाव. फोडतो मी.”

“हात लावला म्हणजे फोडलाच.”

तो उठला. “खेळ मग. पण हरलो तं पोरं तुले संघात ठेवणार नाहीत, अन् मी मधात पडणार नाही.”

मला त्या संघात राहायचं होतं. तो आत गेल्यावर मी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

मैदानावर कप्तानानं नारळ फोडला खरा, पण घाईत नाणेफेकीच्या आधीच. नाणेफेक आम्ही हरलो आणि समोरच्यांनी नेमकी तीच बाजू मागितली. आमचा नारळ त्यांच्या गोलकीपरच्या पायाशी राहिला. आमच्या पोरांचे चेहरे उतरले. मी दुसऱ्या टोकाला, कोणीच न पूजलेल्या खांबांमध्ये जाऊन उभा राहिलो.

मध्यंतराआधी आमचा गोल झाला, त्या नारळाच्याच खांबांत. मग बाजू बदलल्या आणि करवंटीचे तुकडे माझ्या टाचांखाली करकरू लागले. अगदी शेवटी त्यांच्या एकानं जवळून जोरात मारलेला चेंडू मी झेपावून बोटांच्या टोकांनी बाहेर घालवला. शिट्टी झाली. आम्ही विजेते ठरलो.

परतीच्या गाडीत एकच बोलणं चाललं होतं. नारळ तिकडं होता म्हणून गोल तिकडं झाला.

“अन् मंग आपल्यावर कावून नाही झाला?” एकानं विचारलं.

“तवा नारळ आपल्याकडं होता ना बे.”

सगळे हसले. हरलो असतो तर दोष माझा असता. जिंकलो तर श्रेय नारळाचं. अशा न्यायाबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. तो शेजारच्या बाकावर बसून हसत असतो, हे वाचलं नव्हतं.

अमरावती स्टेशनावर बँड आला होता. कप्तानाला खांद्यावर घेतलं. माझ्याही गळ्यात कुणीतरी हार घातला. संघातून मला कोणी काढणार नव्हतं, आणि मिरवणुकीत मी सगळ्यांबरोबर चालत होतो. वेशीपाशी ती देवीच्या देवळाकडे वळणार, हे मला ठाऊक होतं. ‘मी येत नाही’ हे मी वाटभर मनात तयार करत आलो होतो. कारणंही तयार होती, चांगली, कुणाला खोडता न येणारी.

बँड वळला. पोरं वळली. खांद्यावरचा कप्तान समोर बघत वळला. मी वेशीशी थांबलो, वाजंत्री ऐकू येईनाशी होईपर्यंत, आणि मग आमच्या वस्तीच्या रस्त्याला लागलो.

मी चुकलो नव्हतो. आजही तसंच करीन. पण का थांबलो, हे एकानं तरी विचारायला हवं होतं.