सुईच्या हाताला तेल

इस्त्रीवालीच्या नाकाच्या शेंड्यावर राग, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. पण गेलं वर्षभर त्या रागाला कारणही होतं. ड्रायव्हर नवऱ्याच्या किडन्या गेल्या, दिवसाआड डायलिसिस सुरू झालं आणि वर ही मेली खाज. बिचारा भिंतीला पाठ घासून घासून रक्त काढायचा. ना त्याला झोप, ना तिला.

शेवटी सेंटरमधल्या नर्सबाईंनी डॉक्टरांना विचारून औषधी तेलाची मालिश शिकवली. हलक्या हाताने चोळायचं, आणि सुया टोचतात त्या डाव्या हाताला डायलिसिसच्या दिवशी तेलाचं बोटही लावायचं नाही. दिवसभर दुकानात भाजून निघालेली बाई संध्याकाळी वाटी घेऊन बसायची. हात चाले तसा तोंडाचा पट्टाही चाले. "प्यायलात ना पथ्य मोडून चोरून पाणी? हौस फार! खाजवा आता." पण तेलाचा गुण आला. माणूस झोपू लागला.

मग नणंद राहायला आली. डायलिसिसच्या दिवशी सकाळी इस्त्रीवाली कपडे पोचवायला गेली, आणि मागे बहिणीने भावाला डोक्यापासून पायापर्यंत तेल चोपडलं, डाव्या हातासकट. सेंटरमध्ये साबणाने धुतलं तरी तेलकटपणा राहिलाच. चिकटपट्टी सुटली, सुई निसटली, चादर रक्ताने भिजली. नर्सबाईंनी वेळेवर दाबून धरलं म्हणून निभावलं. बोलणी मात्र सोबत गेलेल्या इस्त्रीवालीने खाल्ली, साऱ्या पेशंटांदेखत. वर हुकूम, तेल बंद.

घरी येताच ती नणंदेवर तुटून पडली. "ताई, भावाला मारायला आलात का?"

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, तोच म्हणाला, तू चोळ."

"मीच म्हणालो," नवरा खाटेवरून म्हणाला. "हाताचं सांगायचं राहिलं. तू चोळताना इतकी चिडतेस, वाटतं, मी एकदाचा गेलो की हिची सुटका होईल."

इस्त्रीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अक्कल गहाण टाकलीत काय? तुमच्यावर कशाला चिडू? तुम्ही जाल म्हणून चिडते मी. रोज तेच डोक्यात असतं, चोळताना, इस्त्री करताना." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "उद्या नर्सबाईंचे पाय धरीन, तेल परत सुरू करून घेईन. चोळणार मीच, आणि बडबडणारही. ऐकायला तुम्ही राहा म्हणजे झालं."