आर्लिसचं अजून ठरत नाहीये

आर्लिस स्लेटनचं मत कुणाला जाणार हे आमच्या नॉर्डाल गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती आणि तिचा नवरा ऑर्डेल लग्न झाल्यापासून एकाच पक्षाला मत देत आलेत. दुसऱ्या पक्षाचं नाव काढलं की ऑर्डेल घास बाजूला ठेवतो. तरीही त्या सप्टेंबरात दारात येणाऱ्या प्रत्येक प्रचारकाला, मग तो इकडचा असो की तिकडचा, आर्लिस गाल धरून सांगायची, "काय करू हो, माझं अजून ठरत नाहीये."

मी तिची शेजारीण बेव्ह. उभा जन्म शाळेची बस चालवण्यात गेला, त्यामुळे थापा मारणाऱ्याचा चेहरा मला मागच्या आरशातूनही ओळखता येतो. पहिल्यांदा तिचं हे नाटक ऐकलं तेव्हा मी कॉफी सांडली होती.

आमचं विस्कॉन्सिन राज्य कुठल्याच पक्षाच्या खिशात नसतं. एरवी ज्यांना आमच्या गावाचं नाव धड घेता येत नाही, ते निवडणूक तोंडावर आली की आमच्या चिखलात गाड्या घालतात. पण त्यांची एक रीत आहे. तुम्ही "तुमच्याच बाजूची" म्हणालात, तर अंगणात रोवायला एक पाटी हातात देतात आणि परत फिरकत नाहीत. "तिकडची" म्हणालात तर पाटीसुद्धा देत नाहीत. "ठरत नाहीये" म्हणणारीकडे मात्र पुन्हा पुन्हा येतात, गोड बोलतात, बसतात. आर्लिसला नेमकं तेच हवं होतं, कारण तिला ऑर्डेलला उचलायला माणसं हवी होती.

ऑर्डेल पूर्वी दुधाचा टँकर चालवायचा. धिप्पाड गडी. आता त्याला कंपवात झालाय. डोकं लख्ख आहे, पण अंग ऐकत नाही. दिवसभर तो आरामखुर्चीत असतो आणि हळूहळू घसरत खाली येतो. आर्लिसचा खुबा पार झिजलाय. डॉक्टरांनी नोव्हेंबरातली ऑपरेशनची तारीख दिली होती आणि बजावलं होतं की आत्ताही जड उचलायचं नाही आणि ऑपरेशननंतर तर अजिबात नाही. ही तारीख तिने आधीच दोनदा पुढे ढकललेली. तिसऱ्यांदा ढकललीस तर पांगुळगाडा घेऊनच ये, असं ते म्हणाले होते.

घरी येणारी मदतनीस बाई होती, पण तिला गोदामात जास्त पगार मिळाला. तिला मी नावं ठेवत नाही, तिलाही पोरं आहेत. दुसरी कुणी मिळेना. स्लेटनांचा एकुलता एक मुलगा अलास्कात मासेमारीच्या बोटीवर आहे. फोन करतो, रडतो, येत नाही. अग्निशमन दलाची पोरं एक-दोनदा आली आणि अगदी आदबीने म्हणाली की काकू, माणूस पडला तर बोलवा, रोजच्याला नको. गावात उरलोय आम्ही म्हातारे. माझा उजवा खांदा वर जात नाही आणि आमच्या चर्चच्या पास्टरना हर्निया आहे.

म्हणून प्रचारक. दार वाजलं की आर्लिस उघडायची आणि तो तोंड उघडण्याआधी म्हणायची, "आलात? बरं झालं. आधी जरा हात लावता का?" बिचारा पत्रकं कोपऱ्यात ठेवून ऑर्डेलच्या काखेत हात घालायचा. कधी त्याला व्हरांड्यात नेऊन बसवायचे, म्हणजे शेताकडे बघता यायचं. मग आर्लिस त्याचं सगळं भाषण ऐकून घ्यायची, लिंबाच्या गोड वड्या खायला घालायची आणि शेवटी म्हणायची, "विचार करायला हवा बाई. गुरुवारी येता का?"

"अगं, देवाला तरी भी," मी एकदा म्हणाले.

"मी कुठं खोटं बोलते? खरंच ठरत नाहीये माझं. दोघांतले जास्त ताकदीचे कोण, ते."

ऑर्डेलला मात्र तिकडच्या पक्षाच्या माणसाने हात लावलेला खपत नसे. एका दुपारी तो घसरून जमिनीवर आलेला आणि दारात नेमका तिकडचा बिल्ला लावलेला माणूस. "याच्यापेक्षा... मी इथेच बरा," ऑर्डेल म्हणाला. आर्लिसने शांतपणे त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि त्या माणसाला म्हणाली, "तुम्ही बसा हो, कॉफी घ्या. याच्या पसंतीचा येईपर्यंत हा तिथेच पडेल." कॉफी संपायच्या आत ऑर्डेलने पक्ष बदलला, निदान उचलण्यापुरता.

हसायचो आम्ही. पण त्या घरात हसू फार वेळ टिकायचं नाही. मी निघाले की आर्लिस दारापर्यंत यायची, उंबऱ्यावर थांबायची आणि माझ्या गाडीकडे बघत राहायची. चर्चला येऊन तिला वर्ष होऊन गेलं होतं. मला ती नजर नको वाटायची.

मग टीव्हीवाल्यांचा फोन आला. अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांचा वादविवाद होणार होता, आणि त्याआधी आमच्या भागातली वाहिनी अजून न ठरलेल्या मतदारांचे प्रश्न दाखवणार होती. चांगले प्रश्न पुढे सूत्रसंचालकांकडे पाठवणार होते. आर्लिसचं नाव कुणीतरी सुचवलं. आता न ठरलेली म्हणून तिच्याइतकी प्रसिद्ध बाई दुसरी होती कोण?

"हाच प्रश्न विचार," मी तिला म्हणाले. "माझं ऑपरेशन झाल्यावर नवऱ्याला कोण बघणार, असं सरळ विचार. सगळा देश ऐकेल."

"आणि ऑर्डेल तिथेच बसून ऐकेल. की मला त्याचं ओझं झालंय म्हणून मी गावभर सांगितलं."

"मग काय विचारणार आहेस?"

"बघते काहीतरी."

आली ती मुलगी मारिसोल, मूळची ॲरिझोनाची. बरोबर कॅमेरावाला. बोलायला लाघवी. तिने आर्लिसला खिडकीजवळ बसवलं. ऑर्डेलची खुर्ची कॅमेऱ्यात येत नव्हती, पण हाताच्या अंतरावर होती.

"मिसेस स्लेटन, उमेदवारांना एकच प्रश्न विचारायचा असेल, ज्याच्या उत्तरावर तुमचं मत ठरेल, तर काय विचाराल?"

आर्लिसने ऑर्डेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आमच्या ओढ्यावरचा पूल बंद आहे," ती म्हणाली. "फार लांबून जावं लागतं. तो कधी सुरू होणार?"

जी बाई उंबऱ्याबाहेर पडत नाही, तिला पुलाची पडली होती! मला तिचा असा राग आला की मी कॅमेऱ्याची पर्वा न करता बोलले, "आर्लिस, खरा विचार ना."

"तू गप्प बस गं."

"पुलावरून तुमचं मत ठरेल?" मारिसोलने हळूच विचारलं.

तेवढ्यात ऑर्डेलचा आवाज आला. त्याचं बोलणं घशातच अडकतं, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. "हिचं ठरलंय."

"ऑर्डेल!"

"कधीचंच ठरलंय. मला उचलायला... माणसं गोळा करते ही. मला कळत नाही होय? उचलतात... मलाच ना?"

कॅमेरावाल्याने कॅमेरा वळवला. आर्लिस उठायला गेली, खुब्यात कळ आली म्हणून परत बसली.

"माझा प्रश्न घे, पोरी," ऑर्डेल म्हणाला. "मंगळवारी मतदान. बुधवारी... मला कोण उचलणार?"

मारिसोलला नीट कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हटलं, कपाळावर घाम येईपर्यंत. मग मारिसोलने विचारलं, "हे दाखवलं तर चालेल तुम्हाला?"

"नको," आर्लिस म्हणाली.

"दाखव," ऑर्डेल म्हणाला.

आर्लिसला पुढचं सगळं दिसत होतं. हे दाखवलं की दार वाजायचं थांबणार. पण ऑर्डेल परक्या माणसाशी स्वतःहून एवढं बोलल्याला युगं लोटली होती. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दाखवा. त्याचा प्रश्न आहे तो."

दाखवला. त्याचे शब्द वाचता यावेत म्हणून खाली अक्षरं घातली होती. गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी बुधवार झाला. किराणा दुकानात बायका माझा हात धरून म्हणाल्या, काय बाई धीराचा माणूस, आणि काही लागलं तर सांगा हं. लागतंय काय ते टीव्हीवर सांगून झालं होतं.

वादविवादाच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. ऑर्डेलने आर्लिसला त्याची दाढी करायला लावली. जणू उमेदवार त्यालाच बघणार होते. दीड तास दोघे उमेदवार एकमेकांवर तुटून पडले. प्रत्येक नव्या प्रश्नाला ऑर्डेलची मान जराशी पुढे यायची. त्याचा प्रश्न आला नाही. सगळं संपल्यावर आर्लिसने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "वेळ कमी पडला असेल त्यांना." मला रडू आलं, म्हणून मी भांडी घासायला गेले.

दार वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही. मी चिडून दोन्ही पक्षांच्या कचेऱ्यांत फोन लावले. दोन्हीकडून गोड आवाजात एकच उत्तर आलं: बाई, त्यांचं ठरलंय हे त्यांच्या यजमानांनीच सांगितलं ना, आता आम्हाला न ठरलेल्यांकडे लक्ष द्यायला हवं. निदान एका बाबतीत तरी दोन्ही पक्षांचं एकमत झालं, असं मी त्यांना ऐकवलं. काही फरक पडला नाही.

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा ऑर्डेल जमिनीवर होता आणि आर्लिस त्याच्या काखेत हात घालून ओढत होती. मी डावा हात लावला. अर्ध्यावर आणला आम्ही त्याला. मग आर्लिस किंचाळली. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती त्याच्याशेजारी कोसळली. मीही खाली बसले. तिघंही जमिनीवर.

"हाड मोडलं का गं?" मी विचारलं.

"नाही. थांब जरा."

"फोन लाव," ऑर्डेल म्हणाला.

"अग्निशमनला लावते," मी म्हणाले.

"त्यांना नंतर. आधी... वृद्धाश्रमाला."

आजार कळला त्या दिवशी त्याने आर्लिसकडून वचन घेतलं होतं की मला तिथे टाकायचं नाही, आणि त्या वचनापायीच तिने इतके दिवस हाडं झिजवली होती.

"तू थकलीयस का?" त्याने विचारलं. "खरं सांग."

ती पुलाचं काही बोलली नाही, हसण्यावारीही नेलं नाही. "हो," ती म्हणाली. "फार थकलेय रे."

"मग लाव."

मी फोन लावून तिच्या हातात दिला. जमिनीवर बसूनच ती बोलली. नाव सांगितलं, वय सांगितलं, काय काय करावं लागतं ते सांगितलं. पलीकडची बाई प्रेमळ होती, आवाज मला ऐकू येत होता. जागा नव्हती. उन्हाळ्याआधी होईल असं वाटत नव्हतं. आजूबाजूच्या गावांतली दोन वृद्धाश्रम कामाला माणसं नसल्याने बंद पडले होते, तिथलेही लोक रांगेत होते. नाव मात्र लिहून घेते म्हणाली. मग तिने विचारलं, "तोपर्यंत घरी त्यांना बघायला कुणी आहे का?"

आर्लिसने ऑर्डेलकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते, पण तो ऐकत होता.

"आहे," ती म्हणाली. "मी आहे."