दुपारी तुटणारं कनेक्शन

एका लॅपटॉपच्या पोटात दोन खोटे कॉम्प्युटर बसवायचे. एक चालू असताना दुसऱ्याने त्याला मध्येच जागच्या जागी थांबवायचं आणि पार तळाशी, कर्नेलमध्ये, काय बिघडलंय ते बघायचं. याला कर्नेल डीबगिंग म्हणतात. आमच्या पेणकरपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये याला ‘भाभी का कुछ कम्प्युटर का चालू है’ म्हणतात. नवऱ्याने तर त्याचं बारसंच करून टाकलं होतं, ‘तुझा टाइमपास’.

लेक झाल्यावर मी नोकरी सोडली. ‘आम्ही दोघांनी मिळून ठरवलं’ असं नवरा चारचौघांत सांगतो. त्या दोघांत मी होते म्हणे! आता लेक शाळेत जाते. एका छोट्या कंपनीने कळवलं, मधल्या गॅपचं आम्हाला काही नाही, पण शुक्रवारी चार वाजता व्हिडिओ कॉलवर दोन मशीनं जोडा आणि आम्ही पाठवलेला ड्रायव्हर, म्हणजे कर्नेलमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम, नेमका कुठे कोसळतो ते आमच्यासमोर शोधून दाखवा. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर मी आहे, डायनिंग टेबल आहे आणि मटारच्या शेंगा आहेत.

तर त्याच टेबलावर मी संसार मांडला. ज्या मशीनला थांबवायचं, त्याला आधी सांगून ठेवावं लागतं की तुझ्यावर नजर ठेवणारं मशीन अमुक पत्त्यावर राहतं. हे पत्ते आमच्या हॉलमधला राउटर वाटायचा. मी पत्ता टाकला, मशीन पुन्हा चालू केलं आणि अहाहा, पहिल्याच फटक्यात जोडलं गेलं! मी चक्क टाळी वाजवली. मग लेकीला शाळेतून आणायला गेले, तिला जेवू घातलं, परत येऊन बसले तर कनेक्शन गायब. स्क्रीनवर एकच ओळ, पुन्हा जोडणीची वाट पाहत आहे. पाहा बाई, सगळ्यांनी वाट पाहा.

रोज तेच. सकाळी सोन्यासारखं चालायचं, दुपारी मान टाकायचं. संध्याकाळी मी सगळं उखडून नव्याने मांडायचे, पत्ते नव्याने टाकायचे, की परत चालायचं. फायरवॉल बघितली, सेटिंग्ज बघितली, लॅपटॉपला शिव्या घातल्या. इंटरनेट तर चालू होतं, म्हणजे खोट माझ्यातच. नवरा फार प्रेमाने समजूत घालायचा. "होतं गं असं, इतकी वर्षं सुटलंय सगळं. उगाच डोक्याला त्रास करून घेऊ नकोस." मला काय वाटायचं सांगू? किती समजूतदार नवरा मिळालाय मला!

शुक्रवारी शेजारची गुजराती बेन म्हणाली, "आज तुम्हारी बेबी को मैं ले आती हूँ, तुम अपना एक्झाम करो." देव तिचं भलं करो. त्यामुळे दुपारी मी पहिल्यांदाच लॅपटॉपसमोर होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत कनेक्शन तुटलं. इंटरनेटही गेलं. उठून हॉलमध्ये आले तर सासरे राउटरवर तळहात ठेवून उभे. तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"तापलाय गो," ते म्हणाले. "घटकाभर निजू दे त्याला."

बाबा मूळचे रत्नागिरीकडचे. उभा जन्म कारखान्यात मोटारी सांभाळण्यात गेला. मोटार हाताला गरम लागली की बंद करायची, थंड झाली की चालू करायची, हा त्यांचा धर्म. निवृत्त झाल्यावर घरात मोटार नाही, म्हणून राउटरची सेवा. मी लेकीला आणायला जायची वेळ साधून ते रोज त्याला झोपवायचे. उठला की आमचा राउटर सगळं विसरून नवेच पत्ते वाटायचा, आणि माझं मशीन जुन्या पत्त्यावर हाका मारत बसायचं. कपाळ माझं! एवढ्यासाठी मी आठवडाभर स्वतःला ढ ठरवलं?

मला हसूच फुटलं. म्हटलं, "बाबा, मला सांगायचं तरी!"

"अगो, मी इचारलं ना तुझ्या नवऱ्याला. म्हटलं, तिच्या कामाचा खोळंबा होतोय काय? होत असला तर नाय बंद करत. तो म्हनला, होऊ दे बाबा. तुम्ही बंद करा खुशाल."

हसू तिथेच थांबलं. पण रडत बसायला वेळ कुणाला होता? दोन्ही मशीनांना मी लॅपटॉपच्या आतच खासगी नेटवर्क करून दिलं. आता राउटर झोपो, जागो, नाही तर उत्तनच्या समुद्रात जाऊन पडो. चारच्या कॉलसाठी मोबाइलचं इंटरनेट घेतलं. पलीकडच्या बाईंनी ड्रायव्हर पाठवला, मशीन कोसळलं, ते ज्या ओळीवर कोसळलं ती ओळ मी काढून दाखवली. त्या म्हणाल्या, "छान. सोमवारपासून याल का?" मी हो म्हणाले आणि कॉल बंद झाल्यावर पुन्हा एकदा चक्क टाळी वाजवली.

संध्याकाळी नवरा आला. बूट काढता काढता तोच मायेचा सूर, "काय गं, झालं का कनेक्ट?"

"झालं. सोमवारपासून जॉइन होतेय. आणि बाबांनी विचारलं तेव्हा तू काय म्हणालास, तेही कळलं."

तो मोजे काढू लागला. आधी म्हणाला, बाबांना धड ऐकू येत नाही. मग म्हणाला, मला कुठे माहीत होतं राउटरमुळे अडतंय. मी आमटी गरम करायला ठेवली, तेव्हा शेवटी म्हणाला, "मला वाटलं, कंटाळून तूच सोडून देशील. म्हणजे मला तुला ‘नाही’ म्हणावं लागणार नाही."

इतकी वर्षं चाललेल्या संसारात एवढं खरं तो पहिल्यांदाच बोलला. मी बाबांना आणि लेकीला वाढलं, माझं ताट घेतलं आणि जेवायला बसले. त्याने त्याच्या जागेवर बसून, मी वाढेन म्हणून सवयीने वाट पाहिली. मग उठला, आणि ताटं कुठल्या ड्रॉवरमध्ये असतात ते मला न विचारता शोधू लागला.